लॅपटॉपचे ग्राफिक्स कार्ड खरोखर बिघडले आहे का, हे कसे ठरवावे

लॅपटॉपच्या पडद्यावर रंगीत रेषा उमटू लागल्या, गेम सुरू करताच पडदा काळा पडू लागला किंवा व्हिडिओ पाहता पाहता मशीन आपोआप रिस्टार्ट होऊ लागले, की ‘ग्राफिक्स कार्ड गेले’ असे निदान फार घाईने केले जाते. डेस्कटॉपमध्ये हे निदान चुकले तरी फारसे बिघडत नाही, कारण तेथे कार्ड काढून दुसरे लावून पाहता येते. लॅपटॉपमध्ये मात्र ग्राफिक्स चिप आणि तिची मेमरी बहुतेक वेळा थेट मदरबोर्डवर सोल्डर केलेली असते. त्यामुळे कार्ड बदलायचे म्हणजे व्यवहारात सगळा मदरबोर्डच बदलायचा, आणि तो खर्च बरेचदा त्या जुन्या लॅपटॉपच्या बाजारभावाच्या आसपास जातो. जुन्या वर्कस्टेशन लॅपटॉपमधील एमएक्सएम प्रकारची सुटी कार्डे किंवा २०२४ मध्ये ग्राहकांच्या हाती आलेला फ्रेमवर्क लॅपटॉप १६ यांत ग्राफिक्सचा भाग वेगळा काढता येतो, पण असे लॅपटॉप थोडेच.

हीच लक्षणे सैल झालेल्या डिस्प्ले केबलमुळे, खराब रॅममुळे, अर्धवट बसलेल्या ड्रायव्हरमुळे (विंडोजला चिप चालवायला मदत करणारे सॉफ्टवेअर) किंवा पंख्याच्या जाळीत साचलेल्या धुळीमुळेही दिसतात, आणि या चारही गोष्टी मदरबोर्डच्या तुलनेत अगदी किरकोळ खर्चात सुटतात. म्हणून तपासणीचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी फुकटात तपासता येणारी कारणे पाहावीत, मग थोडी मेहनत लागणारी, आणि चिपवर शिक्का सर्वांत शेवटी मारावा. पुढील सर्व पायऱ्या विंडोज १० किंवा ११ असलेला लॅपटॉप गृहीत धरून लिहिल्या आहेत. त्यांतील बहुतेक पायऱ्यांसाठी लॅपटॉप उघडण्याची गरज नाही.

चित्र पडद्यापर्यंत कोणत्या वाटेने येते

हा भाग वगळून थेट तपासणीकडे जाण्याचा मोह होईल, पण निदानातल्या बहुतांश चुका येथेच होतात. आजच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स चिप असतात. एक प्रोसेसरच्या आतच असते, उदाहरणार्थ इंटेलची यूएचडी किंवा आयरिस, अथवा एएमडीच्या प्रोसेसरमधील रेडिऑन. ती स्वतंत्र मेमरी न वापरता लॅपटॉपची साधी रॅमच वापरते. दुसरी असते ती एनव्हिडिया जीफोर्स किंवा एएमडी रेडिऑनची स्वतंत्र चिप, जिच्याभोवती तिची स्वतःची मेमरी बसवलेली असते. लोक ज्याला ग्राफिक्स कार्ड म्हणतात ते हे.

एनव्हिडियाने २०१० मध्ये ऑप्टिमस नावाची जी पद्धत आणली, तिच्यात लॅपटॉपचा स्वतःचा पडदा प्रोसेसरमधील चिपलाच जोडलेला असतो. गेम किंवा थ्रीडी सॉफ्टवेअर सुरू झाले की स्वतंत्र चिप जागी होते, चित्र काढते आणि तयार चित्र प्रोसेसरमधील चिपकडे सोपवते. तेथून ते बिजागरीमधून जाणाऱ्या पातळ केबलने पडद्याच्या पॅनेलवर पोहोचते. काही गेमिंग लॅपटॉपमध्ये मक्स स्विच असतो, म्हणजे पडदा थेट स्वतंत्र चिपला जोडण्याची सोय असते. एचडीएमआय पोर्ट कोणत्या चिपला जोडलेला आहे हे तर मॉडेलगणिक बदलते.

याचा थेट परिणाम निदानावर होतो. लॅपटॉप सुरू होतानाचा कंपनीचा लोगो आणि बायोसचा (विंडोजच्या आधी चालणाऱ्या मूळ सेटिंग्जचा) पडदा ऑप्टिमस पद्धतीच्या लॅपटॉपमध्ये प्रोसेसरमधील चिप काढत असते. तो स्वच्छ दिसला म्हणून स्वतंत्र चिप निर्दोष ठरत नाही, आणि तेथेच रेषा दिसल्या तर दोष बहुधा स्वतंत्र चिपचा नसून पॅनेलचा, केबलचा किंवा रॅमचा असतो. तेव्हा प्रत्येक पायरीवर स्वतःला एकच प्रश्न विचारावा: आत्ता दिसणारे चित्र कोणत्या चिपने काढले आहे आणि ते कोणत्या वाटेने आले आहे?

उत्तर शोधणे सोपे आहे. सेटिंग्जमध्ये सिस्टम, डिस्प्ले आणि मग ॲडव्हान्स्ड डिस्प्ले या क्रमाने गेल्यास निवडलेला पडदा कोणत्या ग्राफिक्सला जोडलेला आहे ते विंडोज स्वतः सांगते. बाहेरचा मॉनिटर जोडून त्याच ठिकाणी तो निवडल्यास त्याच्या पोर्टची वाटही कळते. ही दोन उत्तरे कागदावर लिहून ठेवावीत. पुढे ती वारंवार लागतील.

हात घालण्यापूर्वी

सर्वप्रथम महत्त्वाच्या फाइल्सची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी. पडदा अधूनमधून जात असेल तर आज दिसणारे मशीन उद्या दिसेलच असे नाही. दुसरी गोष्ट बिटलॉकरची. अनेक नव्या लॅपटॉपमध्ये डिस्कचे कुलूप मालकाच्या नकळत सुरू असते आणि बायोसमधील सेटिंग बदलल्यास विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागते. ती सहसा मायक्रोसॉफ्ट खात्यात जतन केलेली असते. ती आधी शोधून लिहून ठेवावी, नाहीतर ग्राफिक्सचा शोध घेता घेता सगळा डेटाच कुलपाआड जाईल.

लॅपटॉपबरोबर आलेला मूळ चार्जरच वापरावा. कमी वॅटचा किंवा मशीनला न ओळखता येणारा चार्जर लावल्यास अनेक लॅपटॉप प्रोसेसर आणि ग्राफिक्स दोन्हींचा वेग मुद्दाम कमी करतात, आणि गेम अडखळू लागला की संशय चिपवर येतो. चिपचा वेग किंवा व्होल्टेज वाढवण्या-घटवण्यासाठी एमएसआय आफ्टरबर्नरसारखे सॉफ्टवेअर वापरले असेल तर सगळे मूळ स्थितीत आणावे. दोष दिसेल तेव्हा मोबाइलने त्याचा फोटो किंवा छोटा व्हिडिओ घ्यावा आणि त्या वेळी काय चालू होते, मशीन सुरू होऊन किती वेळ झाला होता, चार्जर लावलेला होता की नाही, हे टिपून ठेवावे. दोष हवा तेव्हा दिसत नाही, आणि सर्व्हिस सेंटरच्या टेबलावर तर हमखास दिसत नाही. तेथे हा व्हिडिओच आपली बाजू मांडतो.

पहिली पायरी: पडदा आणि केबल बाद करणे

बाहेरचा मॉनिटर किंवा घरातील टीव्ही एचडीएमआय केबलने जोडावा आणि विंडोज बटण धरून पी दाबून ‘डुप्लिकेट’ निवडावे. लॅपटॉपवर रेषा आणि टीव्हीवर स्वच्छ चित्र असेल तर संशय पॅनेल आणि केबलवर जातो. दोन्हीकडे सारखाच दोष असेल तर तो चित्र तयार होण्याच्या टप्प्यातला आहे. मात्र एचडीएमआय पोर्ट वेगळ्या चिपला जोडलेला असेल तर या चाचणीचा अर्थ बदलतो: लॅपटॉपचा पडदा ठीक आणि फक्त टीव्हीवरच गोंधळ दिसत असेल, आणि टीव्हीची केबल बदलूनही तो कायम असेल, तर स्वतंत्र चिपवरील संशय वाढतो.

दुसरी चाचणी स्क्रीनशॉटची. दोष दिसत असताना स्क्रीनशॉट घ्यावा, स्वतःला ईमेल करावा आणि मोबाइलवर उघडून पाहावा. रंगीत चौकटी त्या चित्रातही उमटल्या असतील तर चित्र मुळातच बिघडलेले तयार झाले आहे, म्हणजे ग्राफिक्स, मेमरी किंवा ड्रायव्हर यांपैकी कोणाचा तरी दोष आहे आणि पॅनेल निर्दोष आहे. मोबाइलवर चित्र स्वच्छ दिसले तर बिघाड पुढच्या वाटेवर, म्हणजे चित्र बाहेर पाठवणाऱ्या भागात, केबलमध्ये किंवा पॅनेलमध्ये असण्याची शक्यता जास्त. एका मिनिटाच्या या चाचणीवर मोठ्या खर्चाचा निर्णय फिरू शकतो आणि तरीही ती क्वचितच केली जाते, म्हणून तिचा एवढा आग्रह.

त्यानंतर झाकण अगदी सावकाश पुढे-मागे करून पाहावे. विशिष्ट कोनात पडदा लुकलुकत असेल किंवा रेषा येत-जात असतील तर बिजागरीतील केबल घासली गेली आहे किंवा तिचे कनेक्टर सैल झाले आहे. पडदा पूर्ण काळा असेल पण मशीन चालू असल्याचे आवाजावरून कळत असेल, तर अंधाऱ्या खोलीत पडद्यावर तिरपा टॉर्च मारावा. आयकॉनच्या फिकट आकृत्या दिसल्या तर चित्र व्यवस्थित येत आहे, फक्त मागचा दिवा गेला आहे.

पॅनेलच्या दोषाची आणखी एक खूण म्हणजे एका ठरावीक जागी, अगदी सरळ, केसासारखी बारीक उभी रेषा, जी लोगोपासून शेवटपर्यंत जागची हलत नाही. डेलच्या अनेक लॅपटॉपमध्ये डी बटण दाबून ठेवून मशीन सुरू केल्यास पॅनेल स्वतःच लाल, हिरवा, निळा असे रंग एकामागोमाग दाखवते. ही चाचणी ग्राफिक्सचा आधार न घेता होते, म्हणून त्या रंगांत रेषा दिसली तर पॅनेलबद्दल शंका उरत नाही.

दुसरी पायरी: सॉफ्टवेअरचा दोष वेगळा काढणे

पडदा गोठला तर विंडोज, कंट्रोल आणि शिफ्ट ही तीन बटणे धरून बी दाबावे. एक छोटा आवाज होतो, पडदा क्षणभर काळा होतो आणि ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. एवढ्याने चित्र परतले तर निदान त्या क्षणापुरती चिप जिवंत होती हे कळते.

विंडोज स्वतःही अशी नोंद ठेवते. ग्राफिक्स चिपने दिलेले काम साधारण २ सेकंदांत पूर्ण केले नाही तर विंडोज ती अडकली असे मानून ड्रायव्हर पुन्हा सुरू करते. याची नोंद इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘विंडोज लॉग्ज’खालील ‘सिस्टम’ या यादीत डिस्प्ले या नावाने आणि ४१०१ या क्रमांकाने मिळते. ड्रायव्हर पुन्हा सुरू होऊ शकला नाही तर निळा पडदा येतो आणि त्यावर ‘व्हिडिओ टीडीआर फेल्युअर’ असे लिहिलेले असते. ज्यांना इव्हेंट व्ह्यूअर किचकट वाटतो त्यांनी स्टार्टमध्ये ‘रिलायबिलिटी’ असे टाइप करून ‘व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी’ उघडावे. तेथे दिवसवार तक्त्यावर लाल खुणा दिसतात आणि ‘लाइव्ह कर्नल इव्हेंट’ या नोंदीखाली ११७ किंवा १४१ हा आकडा असेल तर तो ग्राफिक्स अडकल्याचा असतो. महिन्यातून एखादी अशी नोंद चिंतेची नाही. एकाच आठवड्यात अनेक नोंदी, त्याही वेगवेगळी सॉफ्टवेअर चालू असताना, हा गंभीर इशारा आहे. नोंदी ज्या तारखेपासून सुरू झाल्या त्याच दिवशी विंडोज अपडेटने नवा ड्रायव्हर बसवला होता का, हे त्याच तक्त्यावर पाहता येते आणि पुष्कळदा कोडे तेथेच सुटते.

ड्रायव्हर नुसता वरून पुन्हा बसवून भागत नाही, कारण जुन्या फाइल्स मागे राहतात. त्यासाठी डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर हे मोफत साधन वापरावे. आधी लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून आपल्या नेमक्या मॉडेलचा ड्रायव्हर उतरवून ठेवावा, मग इंटरनेट बंद करावे, म्हणजे मध्येच विंडोज स्वतःचा ड्रायव्हर बसवणार नाही. त्यानंतर सेफ मोडमध्ये जाऊन जुना ड्रायव्हर समूळ काढावा आणि रिस्टार्ट करून उतरवलेला बसवावा. एनव्हिडिया किंवा एएमडीचा सर्वांत नवा ड्रायव्हर घेण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण निदानासाठी मी लॅपटॉप कंपनीचा, थोडा जुना असला तरी त्या मॉडेलवर तपासलेला ड्रायव्हरच आधी बसवावा असे सांगेन. नवा नंतर बसवून पाहता येतोच.

सेफ मोडमध्ये असताना थोडे थांबून निरीक्षण करावे. तेथे विंडोज कंपनीचा ड्रायव्हर न वापरता स्वतःचा अगदी साधा ड्रायव्हर वापरते आणि स्वतंत्र चिपला जवळजवळ काहीच काम नसते. तेथे मशीन तासभर शांत चालले आणि नेहमीच्या विंडोजमध्ये पाच मिनिटांत कोसळले, तर दोष ड्रायव्हर किंवा स्वतंत्र चिप या दोहोंपुरता मर्यादित होतो.

आता डिव्हाइस मॅनेजर उघडून ‘डिस्प्ले अडॅप्टर्स’ पाहावे. स्वतंत्र चिपच्या नावावर पिवळा त्रिकोण आणि आत ‘कोड ४३’ असेल तर उपकरणाने अडचण कळवल्यामुळे विंडोजने ते थांबवले आहे, असा त्याचा अर्थ. हा कोड म्हणजे चिपचा मृत्यूचा दाखला आहे असे समजले जाते, ते बरोबर नाही. बिघडलेल्या ड्रायव्हरमुळेही तो येतो. स्वच्छ ड्रायव्हर बसवूनही तो टिकून राहिला तर मात्र हार्डवेअरकडे बोट जाते. चिपचे नाव यादीतून अजिबात गायब असेल तर घाबरण्याआधी बायोसमध्ये ती बंद केलेली नाही ना आणि कंपनीच्या नियंत्रण सॉफ्टवेअरमध्ये इको मोड सुरू नाही ना, हे पाहावे. काही गेमिंग लॅपटॉपमध्ये हा मोड बॅटरी वाचवण्यासाठी स्वतंत्र चिप पूर्णपणे बंदच करतो.

तिसरी पायरी: उष्णता

एचडब्ल्यूइन्फो किंवा जीपीयू-झेड हे मोफत सॉफ्टवेअर घेऊन चिपचे तापमान पाहावे. नुसते ब्राउझर उघडे असताना ४० ते ६० अंश सेल्सिअस आणि गेम चालू असताना ७० ते ८५ अंश ही लॅपटॉपसाठी सामान्य स्थिती मानावी. अनेक लॅपटॉप चिप ८७ अंशांच्या आसपास पोहोचल्या की स्वतःचा वेग कमी करतात, त्यामुळे खेळ अडखळतो पण चिप सुरक्षित राहते. खोलीचे तापमान जेवढे वाढते, जवळजवळ तेवढेच चिपचेही वाढते. नागपूर किंवा चंद्रपूरच्या मे महिन्यात ४५ अंशांच्या हवेत पंख्याखाली गादीवर ठेवलेला लॅपटॉप आणि तोच लॅपटॉप जानेवारीत टेबलावर, यांच्या आकड्यांची तुलना करून उपयोग नाही. चाचणी कडक पृष्ठभागावर, शक्य तितक्या थंड वेळी करावी आणि खोलीचे तापमानही टिपून ठेवावे.

कमाल आकड्यापेक्षा तापमान किती वेगाने चढते ते अधिक सांगून जाते. काम सुरू होताच काही सेकंदांत ५० वरून ९० अंशांवर उडी मारली, तर चिप आणि तिच्यावरील तांब्याची नळी यांच्यातील थर्मल पेस्ट (उष्णता पुढे नेणारा लेप) सुकली आहे किंवा नळी नीट टेकलेली नाही. सावकाश चढून दहा-पंधरा मिनिटांनी ९० गाठले तर हवा कोंडली आहे, म्हणजे जाळीत धूळ आहे किंवा पंखा मंदावला आहे. वॉरंटी असेल तर लॅपटॉप स्वतः उघडू नये. नसेल तर बॅटरीचे कनेक्टर आधी काढून, पंख्याची पाती बोटाने स्थिर धरून दाबलेल्या हवेच्या डब्याने धूळ उडवावी. पाती मोकळी सोडल्यास ती भरधाव फिरून पंखा खराब होऊ शकतो, आणि घरातील व्हॅक्यूम क्लीनरमुळे स्थिर विजेचा धोका असतो, म्हणून तो टाळावा. कोकणात आणि मुंबईत दमट, खाऱ्या हवेमुळे कनेक्टरवर हिरवट-पांढरा गंज चढतो. मशीन उघडलेच आहे तर तोही पाहून घ्यावा.

सफाई आणि नव्या पेस्टनंतर तापमान उतरले आणि दोषही गेला, तर शोध येथेच संपला. तापमान उतरूनही रेषा थंड मशीनवर, सुरू करताच दिसत असतील तर उष्णता हे आजचे कारण नाही. पूर्वीच्या उष्णतेने केलेले नुकसान असू शकते.

चौथी पायरी: चिपला काम देऊन पाहणे

येथवर दोष सुटला नसेल तर स्वतंत्र चिपवर नियंत्रित ताण द्यावा. त्याआधी टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स भागात जीपीयू ० आणि जीपीयू १ यांपैकी कोणती चिप कोणत्या क्रमांकावर आहे ते पाहावे आणि चाचणी सुरू झाल्यावर योग्य चिपचाच आलेख वर जातो आहे याची खात्री करावी. चाचणी प्रोसेसरमधील चिपवर चालली आणि स्वतंत्र चिप निर्दोष ठरवली, असे सहज घडते. सेटिंग्जच्या ग्राफिक्स विभागात प्रत्येक सॉफ्टवेअरसाठी ‘हाय परफॉर्मन्स’ निवडून ते टाळता येते.

सुरुवात युनिजिन हेवन किंवा सुपरपोझिशन या चाचणी-सॉफ्टवेअरने करावी, कारण त्यांचा ताण खऱ्या गेमच्या जवळचा असतो. ते पाऊण तास निर्विघ्न चालले तरच फरमार्ककडे वळावे. फरमार्कचा ताण नेहमीच्या कोणत्याही वापराहून कठोर असतो, म्हणून तो दहा मिनिटांपेक्षा जास्त चालवू नये, मशीनसमोरून उठू नये आणि तापमान ९५ अंशांकडे झुकले की लगेच थांबवावा. चिपच्या मेमरीसाठी ओसीसीटीमधील व्हीरॅम चाचणी चालवावी. वेग न वाढवलेल्या चिपवर या चाचणीत एकही चूक दिसणे अपेक्षित नाही. चुका पुन्हा पुन्हा दिसत असतील तर मेमरी किंवा तिची जोडणी खराब आहे.

पडद्यावर काय दिसते ते बारकाईने पाहावे. मेमरी बिघडली असेल तर एकाच रंगाचे छोटे चौकोन ठरावीक अंतरावर, कापडावरील छपाईसारखे, सगळ्या पडद्यावर उमटतात, किंवा अक्षरांचे काही भाग गायब होतात. चिपच्या गणनेत चूक होत असेल तर गेममधील भिंतींचे, माणसांचे कोपरे ताणले जाऊन लांब सुळके पडद्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जातात. सोल्डरचा जोड सुटत असेल तर लॅपटॉप एका कोपऱ्याने उचलला की दोष बदलतो, किंवा थंड मशीन सुरूच होत नाही आणि दोन-तीनदा चालू-बंद केल्यावर होते. मुद्दाम दाबून किंवा वाकवून हे तपासू नये. उचल-ठेव करताना सहज लक्षात आले तर टिपून ठेवावे.

पाचवी पायरी: उलट तपासणी

आता डिव्हाइस मॅनेजरमध्ये स्वतंत्र चिपवर राइट क्लिक करून ती ‘डिसेबल’ करावी आणि दोन-तीन दिवस मशीन नेहमीसारखे वापरावे. चिप बंद असताना एकही बिघाड नाही आणि सुरू करताच पुन्हा होतो, हा माझ्या मते घरी मिळू शकणारा सर्वांत भक्कम पुरावा आहे. चिप बंद असूनही रेषा किंवा निळे पडदे चालूच राहिले तर स्वतंत्र चिपचा नाद सोडून रॅम तपासावी, कारण प्रोसेसरमधील ग्राफिक्स तीच रॅम वापरते. पेन ड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ रात्रभर चालवावे. दोन रॅम असतील तर एकेक काढून पाहावी.

उबंटू लिनक्सचा पेन ड्राइव्ह बनवून, काहीही इन्स्टॉल न करता, त्यावरून लॅपटॉप सुरू करणे हीही उपयुक्त परीक्षा आहे. विंडोज आणि तिचे ड्रायव्हर पूर्णपणे बाजूला ठेवूनही तोच दोष तशाच स्वरूपात दिसला तर सॉफ्टवेअर निर्दोष ठरते. जे रोज लिनक्सवर एनव्हिडियाचा ड्रायव्हर वापरतात त्यांनी कर्नलच्या नोंदींत ‘एक्सआयडी ७९’ शोधावा. चालू असतानाच चिपचा मशीनशी संपर्क तुटला, असा त्याचा अर्थ आहे.

कंपनीची अंगभूत चाचणीही सोडू नये. मशीन सुरू होताना एचपीमध्ये एफ२, डेलमध्ये एफ१२, लेनोव्होच्या अनेक मॉडेलांत एफ१० दाबल्यास ती मिळते. तेथे येणारा त्रुटी क्रमांक वॉरंटीच्या दाव्यात फार कामी येतो. मात्र या चाचण्या ग्राफिक्सवर फारसा ताण देत नाहीत, त्यामुळे ‘पास’ आले म्हणजे चिप ठीक आहे असे नाही.

चिपच बिघडली असेल तर

वॉरंटी असेल तर काहीही न उघडता, टिपण आणि व्हिडिओसह सर्व्हिस सेंटर गाठावे. नसेल तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात चिप-लेव्हल काम करणारे कारागीर भेटतात, आणि तेथे रिबॉलिंग हा शब्द ऐकू येतो. त्याविषयी सावध राहावे. रिबॉलिंगमध्ये चिप काढून तिच्या खालचे सोल्डरचे बारीक गोळे नवे बसवतात. पण बिघाड अनेकदा त्याहून आत, सिलिकॉनचा तुकडा आणि चिपचा हिरवा पाया यांच्यामधील अतिसूक्ष्म जोडांत असतो, आणि तेथे रिबॉलिंग पोहोचतच नाही. तापवल्यामुळे तो जोड तात्पुरता टेकतो, मशीन काही दिवस किंवा आठवडे चालते आणि पुन्हा बंद पडते.

ही कल्पनेतील भीती नाही. जुलै २००८ मध्ये एनव्हिडियाने लॅपटॉपमधील काही चिपांच्या पॅकेजिंगचे साहित्य कमकुवत निघाल्याचे जाहीर करून त्यासाठी १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद केली होती. चालू-बंद होताना वारंवार तापून थंड झाल्याने तेच जोड तडकत होते. २०११ च्या १५ आणि १७ इंची मॅकबुक प्रोमधील एएमडी ग्राफिक्सच्या तक्रारींनंतर ॲपललाही फेब्रुवारी २०१५ मध्ये मोफत दुरुस्तीची योजना आणावी लागली.

म्हणून कारागिराला स्पष्ट विचारावे: चिप नवी बसवणार की तीच रिबॉल करणार, नवी असेल तर ती खरोखर नवी की दुसऱ्या बोर्डवरून काढलेली, आणि कामाची हमी किती महिन्यांची व लेखी आहे का. नवी चिप आणि लेखी हमी मिळत असेल तरच खर्चाचा विचार करावा. मदरबोर्ड घरच्या ओव्हनमध्ये किंवा हीट गनने तापवण्याचे व्हिडिओ पाहून ते मुळीच करू नये. त्यातून विषारी वायू निघतात आणि जे शाबूत आहे तेही जाते.

खर्च परवडणारा नसेल तर स्वतंत्र चिप बायोसमधून, ती सोय नसल्यास डिव्हाइस मॅनेजरमधून कायमची बंद करून लॅपटॉप वापरत राहणे हा सन्मान्य मार्ग आहे. टॅली, ऑनलाइन वर्ग, कागदपत्रे, चित्रपट, मराठी टायपिंग हे सगळे प्रोसेसरमधील ग्राफिक्सवर व्यवस्थित चालते. फक्त स्वतंत्र चिपला जोडलेला एचडीएमआय पोर्ट बंद पडेल, आणि पडदा थेट त्याच चिपला जोडलेल्या लॅपटॉपमध्ये हा उपाय चालणार नाही. असे मशीन विकायचे झाल्यास घेणाऱ्याला ही गोष्ट सांगावी. जुना लॅपटॉप विकत घेताना डिव्हाइस मॅनेजरमध्ये एखादी चिप बंद करून ठेवलेली नाही ना, हे तपासावे.

दुरुस्त झालेला लॅपटॉप घेताना दुकानातच टास्क मॅनेजर उघडून, ज्या चाचणीत तो पूर्वी कोसळत होता तीच चाचणी स्वतंत्र चिपवर निदान अर्धा तास चालवून पाहावी, तापमानाचा आकडा पावतीच्या मागे लिहून घ्यावा आणि मगच पैसे द्यावेत.